खाडा

आमच्या घरी सुट्टीचे दोन वार होते. माझा आणि ताईचा रविवार, अण्णांचा गुरुवार. आईला वार नव्हता, पण त्याबद्दल तेव्हा कुणी बोलत नसे, तीही नाही.

चिंचवडला वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. सगळीकडचे कारखाने एकाच दिवशी धडधडले तर विजेचा भार पेलायचा कसा, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिलेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी सलूनमध्ये रांग, मंडईत पुरुषांची गर्दी, टॉकीजला हाऊसफुल्लचा बोर्ड, आणि आम्ही शाळेत बाकावर. अण्णा घरी असत तेव्हा आम्ही नसायचो आणि आम्ही घरी असायचो तेव्हा ते फर्स्ट शिफ्टला गेलेले. एका छपराखाली राहून आमची खरी गाठ पडायची ती दिवाळीत.

गुरुवारचे अण्णा मला माहीत आहेत ते खुणांवरून. शाळेतून आलो की सायकलच्या चेनला तेल दिलेलं दिसे. स्टोव्हची ज्योत निळी झालेली असे. मोरीतला नळ ठिबकायचा थांबलेला असे. अण्णा टर्नर होते, लेथवर. पितळेची कुठलीही वस्तू हातात आली की तिच्या आट्यांवरून एकदा अंगठा फिरवायचे. घरातल्या नळाचा वॉशर बदलणं हे त्यांच्या लेखी कामच नव्हतं, तो सुट्टीतला विरंगुळा होता.

मी तिसरीत असताना एका गुरुवारी सकाळी ते म्हणाले, "चल, आज शाळंला खाडा." सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळला, मला बसवलं आणि देहूला नेलं. इंद्रायणीच्या घाटावर बसून आम्ही माशांना चुरमुरे टाकले. बोललो फारसं काहीच नाही. परत येताना त्यांनी दोनदा सांगितलं, "बाईंनी विचारलं तर खरं सांगायचं. पोटात दुखत होतं म्हणायचं नाही. खाडा केला म्हणायचं."

खाडा हा शब्द त्यांना त्यांच्या आईकडून आलेला. १९७२ च्या दुष्काळात आजी माण तालुक्यात दुष्काळी कामावर होती, खडी फोडायला. मुकादम सकाळी मस्टर घेऊन हाका मारायचा. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही की त्या दिवसाच्या चौकटीत फुली. तो खाडा. आजी म्हातारपणी मला ऐकवायची, "सुकडी मिळायची, पैसं मिळायचं, ते हायच. पन रोज कुनीतरी नाव घेऊन हाक मारायचं बग." लग्नानंतर तिला 'अमक्याची आई' नाहीतर 'तमक्याची बायको' म्हणूनच हाक येत होती. स्वतःच्या नावानं मोठ्यानं बोलावणारा पहिला परका माणूस म्हणजे तो मुकादम. लबाड होता, मापात मारायचा, असंही ती लगेच जोडायची. ज्या रोजगार हमीचं नंतर देशभर नाव झालं, तिचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. कायदा झाला १९७७ साली आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. आजीच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. तिच्या डोक्यात मस्टर होतं.

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा मोटिव्हेशनवाला येतो. आधी सगळ्यांना उभं करतो, शेजाऱ्याशी टाळी द्यायला लावतो, मग पडद्यावर गरुड दाखवतो. गरुड ठरलेला. मी पर्चेसमध्ये आहे, गाड्यांचे सुटे भाग विकत घेतो, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीची किंमत मनातल्या मनात काढायची खोड आहे. त्या गरुडाची किंमत मला अजून लागलेली नाही. मोटिव्हेशनला मराठीत 'प्रेरणा' म्हणतात, पण तो शब्द कवींना आणि क्रांतिकारकांना शोभतो. सकाळी सहाच्या बसला पळणाऱ्या माणसाला प्रेरणा नसते. त्याला हुरूप असतो किंवा नसतो. 'कामात मन लागतं' किंवा 'मन लागत नाही' एवढंच आपण म्हणतो. लागतं कशाला आणि उडतं कशानं, हे मी आमच्या घरात दोनदा पाहिलं. एकदा वडिलांच्या बाबतीत, एकदा माझ्या.

अण्णांची कंपनी १९९८ मध्ये बंद पडली. आधी ऑर्डर कमी, मग आठवड्याला दोन दिवस ले-ऑफ, आणि एका सकाळी गेटवर नोटीस. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, मी कॉलेजात. हिशेबाचे पैसे तुकड्यातुकड्यांनी आणि उशिरानं आले. त्याचा तपशील मी लिहीत नाही, त्या काळात गेटसमोर मांडव टाकून बसलेल्या प्रत्येकाकडे तोच आहे.

पहिले काही आठवडे घरात जवळजवळ सुट्टीचंच वातावरण होतं. आई म्हणाली, इतकी वर्षं राबलात, आता जरा पडा. अण्णा पडले. पहिल्या दोन गुरुवारी त्यांनी सायकल पुसली. तिसऱ्या गुरुवारी नाही. पुढे मोरीतला नळ ठिबकायला लागला.

हा नळ मला नीट सांगायचा आहे. रात्री सगळं सामसूम झालं की तो ऐकू यायचा. आईनं खाली तांब्या ठेवला, मग तांब्याचा आवाज सहन होईना म्हणून तांब्यात फडकं ठेवलं. वॉशर तेव्हा रुपया-दोन रुपयांना मिळायचा. पाना घरात होता, खाटेखालच्या पेटीत, तेल लावून कापडात गुंडाळलेला. हे काम करायला लागतात दहा मिनिटं आणि अण्णांकडे सगळा दिवस होता. नळ चार महिने ठिबकत राहिला. आम्ही कुणी बोललो नाही, कारण बोललो असतो तर ते दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलणं झालं असतं.

त्यांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ असायचं, कंपनीनं पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं. रोज सकाळी दाढी झाली की ते त्याला चावी द्यायचे. त्या काळात कधीतरी ते घड्याळ फळीवर गेलं आणि चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "आज वार कोणता?" भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस वार विचारत होता. मी सांगितलं, गुरुवार. ते "बरं" म्हणाले आणि कूस बदलली.

खूप नंतर मी मारिएनथालबद्दल वाचलं आणि दचकलो. हे ऑस्ट्रियातलं, व्हिएन्नाजवळचं गाव. अख्खी वस्ती एका कापड गिरणीवर जगणारी. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद झाली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी तिथल्या लोकांचं जगणं बारकाईनं टिपलं आणि १९३३ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांची अपेक्षा काय असेल? माणसाला वेळ मिळाला की तो वाचेल, शिकेल, संघटना बांधेल. झालं उलटं. गावच्या वाचनालयाची फी माफ झाली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. रस्त्यावरून माणसं कशी चालतात हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. पुरुष रेंगाळत, दर थोड्या अंतरावर थांबत. बायका भराभर जात. गिरणी बंद पडली म्हणून चूल, धुणं, पोरं बंद पडली नव्हती. बहुतेक पुरुषांनी जवळ घड्याळ बाळगणं सोडलं होतं. दिवसभरात काय केलं हे लिहून द्या म्हटल्यावर एकानं सकाळच्या एका तासापुढे लिहिलं होतं, तेवढ्यात दुपार होते.

तेवढ्यात दुपार होते. मला खाटेवरची ती कूस आठवली.

याहोडा पुढे आयुष्यभर सांगत राहिली की कामातून पगाराखेरीज बरंच काही नकळत मिळत असतं. दिवसाला आकार येतो, घराबाहेरची माणसं भेटतात, चारजणांनी मिळून काही केल्याचं वाटतं, जगात आपली एक जागा ठरते, हातपाय नेमानं हलतात. हे कुणी पगाराच्या स्लिपवर छापत नाही, त्यामुळे ते गेल्यावरच कळतं. यात मी माझी एक ओळ घालीन: काम असलं की माणसाला गैरहजर राहता येतं. बेकार माणूस गैरहजर राहूच शकत नाही, कारण त्याची वाट पाहणारं मस्टर कुठेच नसतं. देहूला आम्ही केला तो खाडा होता. १९९८ पासूनच्या बेकारीच्या चौदा महिन्यांत अण्णांनी एकही खाडा केला नाही. करणार कुठून?

गिरणगावातला माझा एक मामा तर याच्याही पुढे. साचेखात्यात होता, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. मामा गमतीनं म्हणायचा, मी बेकार नाही, संपावर आहे. गंमत होती हे आम्हाला कळायचं. पण लालबागच्या खोलीत तो सकाळी सातच्या ठोक्याला आंघोळ करून, केस विंचरून बसायचा. संपावर असलेल्या माणसाला उद्या गिरणीत हजर व्हायचं असतं. बेकाराला उद्या कुठे जायचं असतं? शब्दाचा एवढाच फरक, पण त्या एका शब्दावर मामानं काही वर्षं काढली.

अण्णांना शेवटी भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पगार जवळजवळ निम्मा, पाळी बारा तासांची. रुजू झाल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी पाना काढला आणि वॉशर बदलला. तेही बोलले नाहीत, आम्हीही नाही. रात्री मात्र आई बराच वेळ जागी होती. त्या आवाजाची सवय झालेली.

पण गोष्ट इथे गोड करून सोडली तर ती खोटी होईल. मोठ्या कंपनीत अण्णांना पगारी रजा होती. कारखान्यांचा १९४८ चा कायदा सांगायचा की वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. अण्णा त्याला 'विसाला एक' म्हणायचे आणि पाढ्यासारखं म्हणायचे. भोसरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये विसाला शून्य. नाही आलात तर पैसे कापले. म्हणजे खाडा परत आला, पण आजीच्या मुकादमाचा. हार्नियाचं दुखणं त्यांनी दीड वर्ष अंगावर काढलं ते या कापाकापीमुळे. हुरूप आला होता, अंग संपत चाललं होतं. काम नसणं माणसाला मारतं हे खरं, म्हणून कुठलंही काम तारतं असं नाही. "बेकार बसण्यापेक्षा बरं" या तीन शब्दांवर आपल्याकडे किती शेड उभ्या आहेत!

रविवारची सुट्टी आपल्याला पंचांगातून मिळालेली नाही, ती मागून घेतलेली आहे, हे मला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी अशी नव्हतीच. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यातला एक धागा सांगितला जातो. मला ते फार आवडतं. साहेबाचा चर्चचा दिवस आणि आपला जेजुरीचा दिवस एकच निघावा, आणि त्या सांध्यावर गिरणी कामगारानं पाय टाकून झोपावं. आमचा गुरुवार दत्ताचा. वीज मंडळाला ते ठाऊक होतं की नाही देव जाणे.

एवढं भांडून मिळवलेली गोष्ट आम्ही आज कशी मागतो ते पाहा. शाळेत निबंधाबरोबर रजेचा अर्ज शिकवतात. 'माझ्या घरी लग्नकार्य असल्यामुळे... तरी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती.' लग्नकार्य नाहीतर आजारपण नाहीतर मृत्यू. आमच्या जुन्या ऑफिसात एकाच्या तीन आज्या वारल्या होत्या, आणि मंजूर करणाऱ्याच्या स्वतःच्याही अशाच दोन गेलेल्या असल्यामुळे त्यानं मोजल्या नाहीत. मला नुसतं बसायचं आहे, असं कारण लिहिलेला रजेचा अर्ज मी अजून पाहिलेला नाही. आणि हो, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी घरकामाच्या बायकांच्या खाड्यांवर चर्चा होते. महिन्याला किती 'अलाउड', त्यावर किती कापायचे. ती चर्चा सगळ्यात हिरिरीनं करणारे गृहस्थ स्वतःच्या बॉसबद्दल लिफ्टमध्ये काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना आम्ही महिन्याला चार दिवस पगारी देतो. ते मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. माझंही धाडस इतपतच.

माझी पाळी २०२० मध्ये आली. राज्य सरकारनं त्याच वर्षी २९ फेब्रुवारीपासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला होता आणि आमच्या ऑफिसात त्यावर मत्सरयुक्त विनोद चालले होते. महिना उलटायच्या आत सगळ्यांचाच शून्य दिवसांचा आठवडा झाला. जूनमध्ये मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. कॉल नऊ मिनिटं चालला. त्यातली दोन मिनिटं 'आवाज येतोय का' यात गेली.

नोकरी गेली. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर एक ओळ होती: शिल्लक अर्जित रजा, ३८ दिवस, त्याचे इतके रुपये. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत होतो. चार-पाच वर्षांत मी अडतीस दिवस साठवले होते. मुलगी लहान असताना दापोलीला जायचं होतं ते नाही गेलो, सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दोन दिवसांत परतलो, अण्णांनी गावच्या जत्रेला चल म्हटलं तेव्हा 'क्वार्टर एंड आहे' म्हणालो. ते सगळे दिवस इथे रांगेत उभे होते, आणि कंपनी ते माझ्याकडून विकत घेत होती. त्यातून घराच्या कर्जाचे दोन हप्ते गेले. पुढचे आठ महिने मला दिवसच दिवस होते, एकाही दिवसाला गिऱ्हाईक नव्हतं.

एका बाबतीत मी अण्णांपेक्षा नशीबवान. तेव्हा सगळेच घरी होते. खालचा भाजीवाला विचारायचा, "साहेब, घरून काम का?" मी मान हलवायचो. खोटंही नव्हतं, घरूनच काम शोधत होतो. सकाळी साडेनऊला शर्ट घालून लॅपटॉप उघडायचा, नोकरीच्या साइटवर प्रोफाइल 'अपडेट' करायचं, म्हणजे एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे. वाचायची म्हणून वर्षानुवर्षं घेतलेली पुस्तकं कपाटात होती. तबला शिकायचा होता. बाल्कनीच्या दाराची कडी सैल झाली होती, एका स्क्रूचं काम. मारिएनथालचं मी तोवर वाचलेलं नव्हतं, तरी पुस्तक उघडलं गेलं नाही. कडी सैलच राहिली. दिवाळीच्या पाडव्याला ग्रुपवर सगळ्यांनी 'फायनली सुट्टी!' लिहिलं आणि मी अंगठा टाकला. सणाच्या दिवशी मला जे जाणवलं ते पैशांच्या चिंतेहून निराळं होतं. कालच्या दिवसात आणि आजच्या दिवसात फरकच नव्हता. ज्याला कालचा कंटाळा नाही, त्याला आजची सुट्टी लागत नाही. मिठाशिवाय जेवण म्हणतात तसं ते.

डिसेंबरात शेजाऱ्यांची ऑफिसं हळूहळू उघडली आणि मी उघडा पडलो. वॉचमननं सलाम तोच ठेवला, पण तो माझ्याकडे अर्धा सेकंद जास्त बघायचा. किंवा मला तसं वाटायचं. बेकारीत माणसाला असले अर्धे सेकंद मोजता येतात.

फेब्रुवारीत नोकरी लागली, आणि इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिले चौदा महिने मी एकही रजा घेतली नाही. रात्री अकराला मेलला उत्तर. रविवारी फोन. माझ्या साहेबांनी एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, यांच्यासारखा मोटिव्हेटेड माणूस पाहिजे. मी मोटिव्हेटेड नव्हतो. मी घाबरलेलो होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तेच पळणं, तीच तत्परता, आणि ज्याला काम करून घ्यायचं आहे त्याला फरक शोधण्याची गरज पडत नाही. फरक आत असतो. हुरूप असलेला माणूस विचारतो, घाबरलेला माणूस विचारत नाही. बुश नावाच्या एका सुट्या भागाच्या ड्रॉइंगचं सुधारित रिव्हिजन आलं होतं. मला शंका आली होती, पण विचारलं तर 'एवढंही माहीत नाही' होईल म्हणून जुन्याच रिव्हिजनवर चार हजार नगांची ऑर्डर सोडली. मापातला फरक केसाएवढा. टर्नरच्या पोरानं केसाएवढ्या मापात मार खावा! माल आला, तपासणीत नापास झाला, आणि त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी वीस मिनिटं चावीच फिरवली नाही.

मला रजेवर पाठवलं ते कुणाला दया आली म्हणून नव्हे. शिल्लक रजा हे कंपनीच्या ताळेबंदात देणं असतं, त्याची तरतूद करावी लागते. वर्षअखेरीला कुणीतरी आकडा पाहिला आणि मेल आला: ज्यांची रजा अमुक दिवसांवर आहे त्यांनी डिसेंबरअखेर ती कमी करावी. म्हणजे माझा थकवा ही हिशेबात दाखवायची रक्कम होती, आणि ती आता टोचायला लागली होती. मी दहा दिवस घेतले आणि अण्णांना घेऊन गावी गेलो.

पहिले तीन दिवस मी रजेवर नव्हतोच. बांधावर उभा राहून रेंज शोधत होतो. चौथ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "तुझ्या जागी कुणी बदली दिलाय का न्हाई?" दिलाय म्हटलं, एक नवा मुलगा. "मग त्याला करू दे की. तू सारखा फोन केलास तर त्यो कसला बदली? आन् तू कसला रजेवर?" पुढचे सहा दिवस फोन घराच्या देवळीत पडून राहिला. मी विहिरीच्या पंपाचा व्हॉल्व्ह बसवला. अण्णा शेजारी उभे राहून चुका काढत होते.

सुट्टीनं माणूस ताजातवाना होतो म्हणतात. सुट्टीवर अभ्यास करणाऱ्या डच संशोधकांना आढळलं की तो ताजेपणा परतल्यावर आठवडाभरात विरून जातो. माझा मंगळवारपर्यंत टिकला. पण सोमवारी टेबलावर एक कागद होता. त्या नव्या मुलानं दहा दिवसांत अडलेल्या गोष्टी पेननं लिहून ठेवल्या होत्या, वर शीर्षक, 'सर आल्यावर विचारायचे'. अकरा प्रश्न. काम कुठलंच थांबलं नव्हतं. सगळा माल वेळेवर आला होता, त्यामुळे माझ्यावाचून जग अडेल ही भीती आणि अडणार नाही ही भीती, दोन्ही एकदमच गेल्या. तरी अकरा ठिकाणी माझी जागा मोकळी ठेवलेली होती. त्या दिवशी मी चहासुद्धा न पिता दुपारपर्यंत बसून एकेक प्रश्न सोडवला. सातव्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मी उठून डिझाइनवाल्यांकडे गेलो आणि विचारलं.

अण्णा आता पंचाहत्तरीचे. सकाळी सव्वासहाला निगडीच्या एका बागेत जातात. सात-आठ म्हातारे आहेत, सगळे कारखान्यांतून निवृत्त. त्यातले एक कुठल्याशा कंपनीत टाइमकीपर होते. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असते आणि तीत रोज हजेरी लागते. हसायचा क्लब नाही, प्राणायाम नाही, बाकावर बसून एकमेकांच्या जुन्या साहेबांना शिव्या देणं एवढाच कार्यक्रम. पण हजेरी लागते.

मागच्या महिन्यात अण्णांना ताप आला. सकाळी सहाला त्यांनी मला उठवलं. "फोन लाव त्यांना. सांग, आज माझा खाडा."

"रजा म्हणा की, अण्णा. आजारपणाची."

"रजा आधी मंजूर करून घ्यावी लागती."

दुसऱ्या दिवशीही ताप होता. आठ वाजता टाइमकीपरांचाच फोन आला. स्पीकरवर टाकला. "सलग दोन दिवस झाले," ते दरडावून म्हणाले, "आता डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल." अण्णा हसले, हसताना खोकले, खोकता खोकता उठून बसले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "परवा गुरुवार. परवा हजर होतो, सांग त्यांना."

"गुरुवारी तर सुट्टी असते."

"ती कारखान्याला," अण्णा म्हणाले आणि फळीवरच्या घड्याळाकडे हात केला, दे म्हणून.